काचेची पेटी आणि आईचा सूर



पेटी म्हटले की आपल्यासारख्या गाण्याच्या शौकिनांपुढे भात्याची, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची पेटी उभी राहते. परंतु हाच शब्द एखाद्या घरात निराळ्या अर्थाने उच्चारला जातो, आणि मग त्या घरातले आवाज एकदम खाली येतात. "बाळाला पेटीत ठेवले आहे," एवढे कोणी सांगितले की पुढचा प्रश्न विचारण्याचा धीर होत नाही. दिवस भरण्यापूर्वीच जन्मलेल्या मुलास ज्या उबदार काचेच्या पेटीत ठेवतात, तिचा आणि तिच्यात सुमारे शंभर वर्षांनी शिरलेल्या स्वराचा इतिहास आज आपणांस सांगावा, असा माझा विचार आहे.

दिवस भरणे म्हणजे साधारण चाळीस आठवडे. सदतीस आठवडे पुरे होण्याच्या आत जन्मलेल्या मुलास अपुऱ्या दिवसांचे मूल म्हणतात. २०२० साली साऱ्या जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख मुले जन्मली. त्यांतील सुमारे ३० लाख एकट्या भारतात. म्हणजे जगातल्या अशा दर चार-पाच मुलांमागे एक मूल आपले आहे. तेव्हा हा विषय परदेशातल्या श्रीमंत इस्पितळांचा आहे, असे म्हणून आपणांस हात झटकता येणार नाहीत.

आज ह्यांपैकी पुष्कळ मुले जगतात, आणि ती जगू लागली म्हणूनच नवा प्रश्न उभा राहिला. मूल वाचले, पण त्याच्या मेंदूचे काय? गर्भावस्थेच्या अखेरच्या तीन महिन्यांत मेंदूची वाढ विलक्षण वेगाने होते. चौतिसाव्या आठवड्यात मेंदूचे वजन पुऱ्या दिवसांच्या मुलाच्या मेंदूच्या सुमारे ६५ टक्केच भरते. उरलेले वजन, मेंदूवरच्या घड्या आणि पेशीपेशींमधल्या जोडण्या ह्या आईच्या पोटात व्हावयाच्या असतात. अपुऱ्या दिवसांच्या मुलात त्या पेटीत होतात. आईच्या पोटात मेंदूला काय ऐकू येत होते आणि पेटीत काय ऐकू येते, हा साधा प्रश्न विचारावयास मात्र वैद्यकशास्त्राला फार काळ लागला. तो का लागला हे समजण्यासाठी आरंभापासून निघाले पाहिजे.

पेटीचा जन्म पॅरिस शहरातला. स्तेफान तार्निए हे तेथल्या 'मातर्निते' नावाच्या मोठ्या प्रसूतिगृहाचे प्रमुख वैद्य होते. पॅरिसच्या प्राणिसंग्रहोद्यानात कोंबडीची अंडी उबवण्याची यंत्रे त्यांनी पाहिली, आणि जे पिलाला साधते ते माणसाच्या मुलाला का साधू नये, असा विचार त्यांच्या मनात आला. ती यंत्रे करणाऱ्या ओदिल मार्तँ ह्या कारागिराकडूनच त्यांनी लाकडी पेटी करून घेतली. खाली ऊन पाणी, वर मूल आणि त्यावर काचेचे झाकण, असे तिचे साधे स्वरूप होते. १८८० च्या सुमारास ती प्रसूतिगृहात बसली. दोन किलोहून कमी वजनाच्या मुलांपैकी पूर्वी शंभरात ६६ मरत. पेटी आल्यावर हे प्रमाण ३८ वर आले. ह्या यशाचे श्रेय आहे केवळ उबेला.

तार्निए ह्यांचे शिष्य पिएर ब्यूदँ ह्यांनी १९०० साली ह्या विषयावर ग्रंथ लिहिला. अशा मुलाला ऊब कशी द्यावी, दूध कसे पाजावे आणि रोगापासून कसे राखावे, असे तीन प्रश्न त्यांनी मांडले. पुढची निदान पन्नास वर्षे जगभर हेच तीन प्रश्न मानले गेले. कानाचा प्रश्न त्यांत नव्हता. परंतु ब्यूदँ ह्यांच्या चाणाक्ष नजरेने एक गोष्ट टिपली होती. ज्या आयांना मुलापासून दूर ठेवले, त्यांतल्या काहींचा जीव पुढे त्या मुलात रमेनासा होई. मूल वाचवताना आई हातची जात होती. ही नोंद त्यांनी केली आणि आईला मूल दिसावे म्हणून आग्रह धरला. पण त्यांच्यामागून आलेल्यांनी ती फारशी मनावर घेतली नाही.

मध्यंतरी ह्या कथेला एक विचित्र वळण लागले. मार्टिन कूनी नावाच्या गृहस्थांनी ह्या पेट्या मुलांसकट प्रदर्शनात मांडल्या. १८९६ मध्ये बर्लिन, १८९७ मध्ये लंडन आणि पुढे १९०३ ते १९४३ अशी तब्बल चाळीस वर्षे न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड ह्या करमणुकीच्या ठिकाणी! पाळणे आणि खेळतमाशे ह्यांच्या गजबजाटात लोक २५ सेंट देऊन इवलीइवली मुले पाहात. आज अंगावर काटा येतो. पण त्या काळी अमेरिकेतल्या फारच थोड्या इस्पितळांत अशा मुलांची सोय होती, आणि कूनी पालकांकडून एक पैही घेत नसत. तिकिटाच्या पैशावर हजारो मुले जगली. त्यांच्या कानांवर दिवसभर काय आदळत होते, ह्याचा विचार तेव्हा कोणीच केला नाही.

पुढे इस्पितळांनी हे काम आपल्या हाती घेतले आणि सारे उलट झाले. जंतूंच्या भयाने दारे बंद झाली. मुलाला शक्य तितके कमी हाताळावे आणि बाहेरच्या माणसाला आत घेऊ नये, असा दंडक पडला. आणि ह्या 'बाहेरच्या माणसांत' आईचीही गणना झाली. तिने काचेपलीकडून पाहावे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या इस्पितळाने १९६० नंतरच्या दशकात आयांना हात धुऊन, अंगरखा घालून आत येऊ दिले, तेव्हा तो एक प्रयोग म्हणून करावा लागला. जंतुसंसर्ग वाढला नाही, हे पाहून मगच इतरांची भीती हळूहळू ओसरली.

ह्याच काळातले एक प्रकरण सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही, कारण माझ्या विषयाची किल्ली त्यात आहे. श्वास अडखळणाऱ्या मुलांना पेटीत प्राणवायू देत. थोड्याने मूल तरले, तर पुष्कळाने अधिक चांगले होईल, असे साहजिकच वाटले. १९४२ मध्ये बॉस्टनच्या डॉ. टेरी ह्यांनी अशा मुलांत आंधळेपणाचा एक नवाच प्रकार वर्णन केला. १९५१ मध्ये मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल ह्यांनी प्राणवायूकडे बोट दाखवले, आणि अमेरिकेतल्या अठरा इस्पितळांनी मिळून केलेल्या प्रयोगाने १९५४ मध्ये तो संशय खरा ठरवला. तोपर्यंत जगात सुमारे दहा हजार मुलांची दृष्टी गेली होती. १९५० साली जन्मलेले, पुढे जगभर गाजलेले अमेरिकन गायक स्टीव्ही वंडर हे त्यांतलेच एक. मग वैद्य इतके धास्तावले की त्यांनी प्राणवायूच्या बाबतीत हात आखडला. तेव्हा डोळे वाचले, पण मृत्यू वाढले.

आपल्या भाषेत औषधाच्या प्रमाणाला मात्रा म्हणतात आणि तालाच्या मोजमापालाही मात्राच म्हणतात. मात्रा चुकली की औषधाचे विष होते आणि गाण्याचा गोंगाट होतो. स्वराच्या बाबतीत नेमके हेच पुढे घडले, म्हणून हा शब्द आपण ध्यानात ठेवावा.

आता कानाकडे वळू. नुकते जन्मलेले मूल बहिरेच असते, असे १८८० नंतरच्या दशकात प्रायर ह्यांच्यासारखे नामवंत शरीरशास्त्रज्ञ सांगत. १९२५ मध्ये पायपर ह्या जर्मन वैद्यांनी गर्भवतीजवळ मोटारीचा भोंगा वाजवून पोटातले मूल दचकते असे दाखवले. पण त्या प्रयोगाकडे एक चमत्कार म्हणून पाहिले गेले. आता आपणांस ठाऊक आहे की साधारण पंचविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून गर्भ आवाजाला प्रतिसाद देतो. अर्थात गर्भाशयाची भिंत सारेच आवाज आत सोडत नाही. उंच, कर्कश आवाज बाहेर अडतात, खालच्या पट्टीचे आत जातात. आईच्या हृदयाचे ठोके, तिच्या रक्ताची सळसळ आणि त्यांवर तिचा स्वतःचा आवाज, ही त्या बाळाची पहिली मैफल.

१९८० मध्ये अमेरिकेत द'कॅस्पर आणि फायफर ह्या दोघा संशोधकांनी एक सुंदर प्रयोग केला. तीन दिवसांच्या आतल्या दहा मुलांच्या तोंडात चोखणी दिली. एका लयीत चोखले तर आईचा आवाज ऐकू येई, दुसऱ्या लयीत चोखले तर परक्या बाईचा. मुलांनी आईचा आवाज ऐकण्यासाठी आपली चोखण्याची लय बदलली! १९८६ मध्ये द'कॅस्पर ह्यांनी आणखी एक पाऊल टाकले. सोळा गर्भवतींनी शेवटचे सहा आठवडे एकच गोष्ट रोज मोठ्याने वाचली. जन्मानंतर मुलांनी न वाचलेल्या गोष्टीपेक्षा तीच पसंत केली.

इथे आपणांपैकी अनेकांना अभिमन्यूची आठवण झाली असेल. परंतु आमच्या पूर्वजांना हे सारे आधीच ठाऊक होते, असे म्हणण्याचा मोह आपण आवरावा. अभिमन्यूने सुभद्रेच्या पोटात चक्रव्यूहाचा अर्थ ऐकला, ही कवीची थोर कल्पना होय. खरे बाळ अर्थ ऐकत नाही. गर्भाच्या भिंतीतून शब्दांची व्यंजने बहुतेक गळून जातात; उरतो तो बोलण्यातला चढउतार, हेल आणि लय. म्हणजे आईची भाषा बाळाला प्रथम भेटते ती गाणे म्हणून. संगीत हा ह्या मुलांच्या संदर्भात चैनीचा विषय का नाही, ह्याचे उत्तर ह्या एका गोष्टीत आहे.

आता अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या मुलाचा विचार करा. त्याची मैफल ऐन रंगात येण्याआधीच मोडली. पुढचे बारा आठवडे त्याने ऐकावे काय? पेटीच्या पंख्याची घरघर, नाडी मोजणाऱ्या यंत्रांच्या घंट्या, झडपा मिटल्याचा आवाज. अमेरिकेतल्या बालवैद्यांच्या संस्थेने १९९७ मध्ये सांगितले की अशा कक्षातला आवाज ४५ डेसिबेलच्या वर जाऊ नये. दोन माणसांचे साधे बोलणे सुमारे ६० डेसिबेल भरते, ह्यावरून ही अट किती कडक आहे हे कळेल. अनेक कक्षांत ती पाळली जात नाही, असे मोजमापांत वारंवार आढळले आहे.

मग शहाण्या माणसांनी उपाय योजला तो शांततेचा. प्रत्येक मुलास स्वतंत्र खोली द्यावी, म्हणजे गोंगाटच नाही! परंतु अमेरिकेतल्या सेंट लुईस येथील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला निष्कर्ष सर्वांना चकित करणारा निघाला. स्वतंत्र खोलीत वाढलेल्या मुलांची भाषेची जाण दोन वर्षांच्या वयात सामायिक कक्षातल्या मुलांपेक्षा कमी भरली. गोंगाटाबरोबर माणसाचा आवाजही गेला होता. जिथे आईबाप दिवसाचा बराच वेळ बाळाजवळ बसू शकत नाहीत, तिथे शांत खोली म्हणजे बाळाला एकांतवासाची शिक्षाच. प्राणवायूची कथा पुन्हा एकदा घडली: अती झाले तेव्हा अपाय, आणि सारेच काढून घेतले तेव्हाही अपाय.

पेटीत मुद्दाम स्वर सोडण्याचे प्रयोग तोवर सुरू झालेच होते. १९७१ च्या सुमारास आईच्या आवाजाची ध्वनिफीत अशा मुलांना ऐकवून पाहण्यात आली. पुढे फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातील जेन स्टँडली ह्या संगीतोपचाराच्या अध्यापिकेने एक युक्ती काढली. अपुऱ्या दिवसांच्या मुलाला चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे ह्यांचा मेळ घालता येत नाही. म्हणून नळीने दूध द्यावे लागते. स्टँडली ह्यांनी चोखणीला अंगाई जोडली. मूल नीट चोखील तर काही क्षण गाणे वाजे. थांबले की गाणेही थांबे. गाण्याच्या ओढीने मुले दुपटीहून अधिक चोखू लागली. २०१४ मध्ये नॅशव्हिल येथील व्हँडरबिल्ट विद्यापीठात ९४ मुलांवर हाच प्रयोग करताना आईच्या स्वतःच्या गळ्यातली अंगाई वापरली. रोज पंधरा मिनिटे, पाच दिवस, एवढीच त्याची मात्रा. त्या मुलांची नळी सरासरी ३१ दिवसांनी निघाली, इतरांची ३८ दिवसांनी. एक आठवडा ही त्या मुलाच्या आणि त्याच्या घरच्यांच्या आयुष्यातली लहान गोष्ट नव्हे.

न्यूयॉर्कच्या जोआन लोवी ह्यांनी २०१३ मध्ये अकरा इस्पितळांतल्या २७२ मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत ध्वनिमुद्रिका नव्हत्या. समुद्राच्या लाटांसारखा आवाज देणारी तबकडी, हृदयाच्या ठोक्यांसारखी वाजणारी लाकडी पेटी आणि आईबापांच्या आवडीचे गाणे, हे सारे तिथेच, बाळाच्या श्वासाकडे पाहात, हळू आवाजात वाजवले वा गायले गेले. बाळाच्या हृदयाचे ठोके संथ झाले आणि आईबापांचा ताणही उतरला.

पण मेंदूचे काय? २०१५ मध्ये बॉस्टन येथे ४० मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ही मुले पंचविसाव्या ते बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेली. त्यांतल्या अर्ध्यांना रोज तीन तास आईचा आवाज आणि तिच्या हृदयाचे ठोके, पोटात ऐकू येतील तसे, ऐकवले. महिन्याभराने पाहता त्या मुलांच्या मेंदूतला ऐकण्याचा भाग इतरांहून अधिक जाड झालेला दिसला.

ह्यानंतरचा टप्पा जिनिव्हाचा, आणि आपणांस खास कुतूहलाचा. तेथल्या विद्यापीठ-रुग्णालयात पेत्रा ह्युप्पी ह्या वैद्य व त्यांच्या सहकारी लारा लोर्दिए ह्यांनी आंद्रेआस फोलेनवायडर ह्या स्विस संगीतकारांकडून मुद्दाम आठ-आठ मिनिटांच्या तीन रचना करून घेतल्या: एक जागे होताना, एक जागेपणी आणि एक झोपी जाताना ऐकण्यासाठी. कोणते वाद्य घ्यावे, ह्यासाठी त्यांनी निरनिराळी वाद्ये मुलांपुढे वाजवून पाहिली. हार्प होती, लहान घंटा होत्या. परंतु मुलांचे लक्ष सर्वांत जास्त वेधून घेतले ते आपल्या गारुड्याच्या पुंगीने! अतिशय बेचैन असलेली मुले तिच्या सुराने लगेच शांत होत. नागपंचमीला आपल्या आळीत वाजणारी पुंगी स्विस रुग्णालयात अशी मानाने गेली.

तेहेतिसाव्या आठवड्यापासून, आठवड्यातून पाच वेळा, कानाला लावलेल्या लहान यंत्रातून हे संगीत मुलांनी ऐकले. दिवस भरण्याच्या सुमारास चुंबकीय यंत्राने मेंदूची चित्रे घेतली. २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आसपासच्या अनेक गोष्टींतून लक्ष देण्याजोगी कोणती, हे निवडणारे एक जाळे आपल्या मेंदूत असते. अपुऱ्या दिवसांच्या मुलांत ह्या जाळ्याच्या इतर भागांशी असलेल्या जोडण्या दुबळ्या राहतात. संगीत ऐकलेल्या मुलांत त्या बळकट होऊन पुऱ्या दिवसांच्या मुलांच्या जवळ गेल्या होत्या. २०२० मध्ये ह्याच गटाने भावनांशी निगडित असलेले मेंदूतले मार्गही अधिक पक्व झाल्याचे दाखवले.

इथे टाळ्या वाजवून थांबणे सोपे आहे. परंतु अशा उत्साहाचे काय होते, ते जगाने एकदा पाहिले आहे. १९९३ मध्ये ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मोत्झार्टचे संगीत ऐकवले, आणि आकारांच्या एका कसोटीत त्यांना दहा-पंधरा मिनिटांपुरते थोडे अधिक गुण मिळाले. पाहता पाहता त्याची 'मोत्झार्टने मूल हुशार होते' अशी आवई उठली, आणि १९९८ मध्ये जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बालकाला सरकारी खर्चाने ध्वनिमुद्रिका देण्याची योजना आखली. मूळ प्रयोगात एकही बालक नव्हते!

म्हणून उणी बाजूही सांगितली पाहिजे. मेंदूच्या चित्रात जोडणी बळकट दिसणे आणि ते मूल पुढे शाळेत चांगले शिकणे, ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. २०२३ मध्ये २५ प्रयोगांतील १५३२ मुलांचा एकत्रित आढावा घेतला गेला. संगीताने हृदयाचे ठोके संथ होतात आणि अपाय दिसत नाही, एवढे त्यातून निघाले. रक्तातला प्राणवायू वाढल्याचे किंवा पुढची बौद्धिक वाढ अधिक झाल्याचे सिद्ध झाले नाही. पाच देशांतल्या दोनशेहून अधिक कुटुंबांच्या एका मोठ्या प्रयोगात आईबापांना गाण्याचे मार्गदर्शन दिले, तरी आई-मुलाच्या नात्याच्या मापनात विशेष फरक आढळला नाही. 'गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली' हा न्याय घडत असलेल्या मेंदूला लावता येत नाही. पेटीवर भ्रमणध्वनी ठेवून वाटेल ते गाणे वाटेल तितका वेळ लावणे म्हणजे औषधाची बाटली मोजल्यावाचून तोंडात ओतणे होय.

मग ह्या सव्वाशेहून अधिक वर्षांतून हाती काय आले? माझ्या मते स्वर हे औषध म्हणून पेटीत आले, पण त्याने केलेले मोठे काम निराळेच आहे. ब्यूदँ ह्यांनी जिची काळजी केली होती, त्या आईला त्याने दाराबाहेरून आत आणण्यास मदत केली. दुसऱ्या एका वाटेने हेच घडले होते. १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोता येथे पेट्या पुरेनात, तेव्हा डॉ. एदगार रे ह्यांनी मुलांना आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून बांधले. कांगारूची पद्धत म्हणतात ती हीच. भारतासह पाच देशांत, आपल्याकडे दिल्लीला, ह्या पद्धतीचा मोठा प्रयोग होऊन २०२१ मध्ये त्याचा निष्कर्ष आला. एक किलो ते एक किलो आठशे ग्रॅम वजनाच्या मुलांना जन्मताच आईजवळ ठेवले, आणि त्यासाठी आईची खाट नवजात कक्षातच घातली. पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू शंभरात १५.७ वरून १२ वर आले. छातीशी बांधलेल्या त्या बाळाला ऊब मिळते, दूध मिळते, आणि न मागता ठोक्यांचा तोच जुना ठेका आणि तोच जुना सूर मिळतो. त्याची मात्रा कोणाला मोजून द्यावी लागत नाही.

आज आपल्या जिल्हा रुग्णालयांतून नवजात मुलांसाठी स्वतंत्र कक्ष झाले आहेत. उद्या आपल्यापैकी कोणाची सून, कोणाची लेक त्या कक्षाच्या दाराशी उभी असेल. "मी आत जाऊन काय करू? मला त्यातले काय कळते?" असे ती विचारील. तेव्हा तिला सांगा: डॉक्टरांना विचार, हात धू, आत जा आणि हळू आवाजात बोल. जमेल तर छातीशी घे, येत असेल तर गा. गळा चांगला नसला तरी चालेल. ते बाळ तुझ्या आवाजाची पारख करणार नाही, ओळख करणार आहे. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी तिला तेवढी सवड द्यावी.